सीटी स्कॅनने कॅन्सर होतो का? बातमी, भीती आणि आपल्या पेशीतला पहारेकरी पी-५३

गेल्या काही महिन्यांत माझ्या दवाखान्यात एक प्रश्न वारंवार येतो आहे. सीटी स्कॅनची चिठ्ठी लिहिली की समोरचा माणूस फोन पुढे करतो. "डॉक्टर, हे वाचलंत का? सीटीने कॅन्सर होतो म्हणे."

एका काकूंनी असाच फोन पुढे केला होता. सोबत एकोणीस वर्षांचा मुलगा. दोन दिवस पोटात दुखत होते, उजवीकडे खाली दाबले की कळवळत होता, अंगात ताप. सोनोग्राफीत अपेंडिक्स नीट दिसले नव्हते. सर्जननी सीटी सांगितला होता आणि मलाही तो हवा होता. काकू म्हणाल्या, "एवढ्या तरण्या पोराला कशाला किरणं घालायची? गोळ्या द्या, उतरेल." मी समजावले, पण घाईत समजावले. ते दोघे घरी गेले. पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. त्या दिवशी काकूंना जे नीट सांगायला हवे होते, ते आधी तुम्हाला सांगतो.

बातमीत नेमके काय होते?

एप्रिल २०२५ मध्ये 'जामा इंटर्नल मेडिसिन' या अमेरिकी नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. अमेरिकेत २०२३ या एका वर्षात सुमारे ९ कोटी ३० लाख सीटी स्कॅन झाले. त्यांतून पुढील आयुष्यात अंदाजे १ लाख ३ हजार लोकांना कॅन्सर होऊ शकेल, असे गणित त्यात मांडले होते. सीटीचे प्रमाण आणि डोस असाच राहिला, तर नव्या कॅन्सरपैकी सुमारे ५ टक्के सीटीमुळे असतील, हे त्यातले वाक्य मथळ्यांत गेले.

भागाकार करून पाहा. साधारण ९०० स्कॅनमागे एक कॅन्सर, तोही बहुधा बऱ्याच वर्षांनी. शिवाय हे कॅन्सर कोणी मोजलेले नाहीत. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या लोकांवरील दीर्घ अभ्यासांसारख्या माहितीवरून बांधलेल्या मॉडेलने काढलेला हा अंदाज आहे. 'अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजी'ने तेव्हा हीच आठवण करून दिली. माझे मत असे की मोठ्या संख्येने स्कॅन करणाऱ्या देशाने हा अंदाज गंभीरपणे घ्यायलाच हवा. पण एका आजारी माणसाने एका गरजेच्या स्कॅनला नकार देण्यासाठी तो वापरू नये. या दोन गोष्टींतला फरक कळायचा, तर किरण पेशीत शिरल्यावर काय घडते ते पाहावे लागेल.

किरण शिरला, मग?

एक्स-रे आणि सीटी या दोन्हींत क्ष-किरणच असतात. सीटीत ते बरेच जास्त वापरले जातात. छातीच्या एका साध्या एक्स-रेचा डोस ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी, तर पोटाच्या सीटीचा साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट. तुलनेसाठी सांगतो, जमीन, हवा, अन्न आणि अवकाश यांतून काहीही न करता माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. म्हणजे पोटाचा एक सीटी हा तीन-चार वर्षांच्या नैसर्गिक किरणोत्सर्गाएवढा, पण काही सेकंदांत मिळणारा.

हे किरण पेशीतल्या डीएनएला कधी थेट इजा करतात, तर कधी आसपासच्या पाण्यातून तयार होणाऱ्या आक्रमक कणांमार्फत. डीएनए म्हणजे पिळलेली दुहेरी दोरी. तिचा एकच पदर तुटला तर दुसऱ्याकडे बघून दुरुस्ती सोपी जाते. दोन्ही पदर एकाच जागी तुटले की काम अवघड होते. एक ग्रे इतक्या मोठ्या डोसला प्रत्येक पेशीत अशा सुमारे ३५ ते ४० दुहेरी तुटी होतात. पोटाचा सीटी त्याच्या जवळपास शंभराव्या भागाएवढा, म्हणजे साधारण तीन पेशींमागे एक तूट. आणि किरण नसले तरी रोजच्या जगण्यात, विभाजन होताना, पेशीत अशा तुटी होतच असतात. पेशीला हा प्रकार नवा नाही.

तूट झाली की पहिल्यांदा जागे होते ते एटीएम नावाचे प्रथिन. (हो, बँकेच्या मशीनचेच नाव. विसरणार नाही म्हणून सांगितले.) ते निरोप पाठवते पी-५३ ला. हे आपल्या शरीरातले सर्वांत जास्त अभ्यासले गेलेले ट्यूमर सप्रेसर, म्हणजे गाठ होऊ न देणारे प्रथिन. १९७९ मध्ये ते सापडले तेव्हा उलट ते कॅन्सर घडवणारे असावे असा समज झाला होता. तो समज दुरुस्त व्हायला दहा वर्षे लागली. १९९२ मध्ये डेव्हिड लेन या शास्त्रज्ञाने त्याला आपल्या जनुकसंचाचा रखवालदार म्हटले आणि ते नाव चिकटले.

निरोगी पेशीत पी-५३ सतत तयार होते आणि सतत नष्ट केले जाते. तयार झालेल्यातले निम्मे अर्ध्या तासाच्या आत संपते. घरावरच्या टाकीत नळ चालू आहे आणि खालचे बूचही उघडे आहे, अशी कल्पना करा. पाणी साठत नाही. एटीएमचा निरोप आला की बूच बंद होते आणि पातळी झपाट्याने चढते. नवीन प्रथिन बनवत बसायला वेळ जात नाही. हे उघडे बूच म्हणजे एमडीएम-२ नावाचे दुसरे प्रथिन.

पातळी चढली की पी-५३ तीन कामे करू शकते. एक, पेशीचे विभाजन थांबवणे, म्हणजे दुरुस्ती होईपर्यंत बिघडलेल्या मजकुराची नक्कल निघत नाही. दोन, दुरुस्तीची यंत्रणा चालू करणे. तीन, नुकसान आवाक्याबाहेर असेल तर पेशीला स्वतःहून मरायला लावणे. ऐकायला क्रूर वाटते, पण एक पेशी गेल्याने तुमचे काही बिघडत नाही. बिघडलेली पेशी वाढत राहिली तर बिघडते.

निर्णय कसा होतो, याचा एक सुंदर प्रयोग इस्राएलच्या वाइझमन संस्थेत झाला आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. गॅलिट लाहाव, उरी अ‍ॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेका पेशीत पी-५३ ची पातळी चमकेल अशी सोय केली आणि किरण दिले. पातळी एकदा चढून तशीच राहिली नाही. काही तासांच्या अंतराने ती चढत-उतरत राहिली. डोस वाढवला तर लाट उंच झाली नाही, लाटांची संख्या वाढली. पेशी जणू दर काही तासांनी पुन्हा पाहते, झाली का दुरुस्ती? नसेल तर आणखी एक फेरी.

सीटी झालेल्या माणसांतही हे पाहिले गेले आहे. जर्मनीतल्या संशोधकांनी २००५ मध्ये रुग्णांचे रक्त सीटीच्या आधी आणि नंतर तपासले. स्कॅननंतर पांढऱ्या पेशींतल्या तुटी वाढलेल्या दिसल्या आणि साधारण २४ तासांत त्या आधीच्या पातळीवर आल्या.

जाता जाता हत्तीची गोष्ट सांगतो. एवढा मोठा देह, एवढ्या पेशी, तरी हत्तीला कॅन्सर कमी होतो. आपल्याला पी-५३ च्या जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. २०१५ मध्ये दिसून आले की हत्तीत या जनुकाच्या जास्तीच्या नकला मिळून किमान वीस जोड्या आहेत. हत्तीच्या रक्तपेशींवर किरण सोडल्यावर माणसाच्या पेशींपेक्षा जास्त पेशींनी मरण पत्करले. दुरुस्तीत वेळ घालवण्यापेक्षा संशयित पेशीला निरोप देणे, असा त्यांचा खाक्या दिसतो.

पहारेकरी आहे म्हणून बिनधास्त?

नाही. इथे मला बातमीच्या बाजूनेही बोलायला हवे.

दुरुस्ती नेहमी अचूक नसते. तुटलेली दोन टोके घाईने जोडताना अक्षरे गळतात, कधी चुकीची टोके जोडली जातात. दुसरे, तुटी थोड्या असल्या की सगळे तपासणी नाके जागे होत नाहीत. विभाजनाच्या अगदी आधीच्या एका नाक्यावर दहा-वीसपेक्षा कमी दुहेरी तुटी असतील तर पेशीला अडवलेच जात नाही, असे प्रयोगांत दिसले आहे. त्यामुळे कमी डोस म्हणजे शून्य धोका, असे कोणी ठामपणे म्हणू नये.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. वय वाढते तशा आपल्या निरोगी दिसणाऱ्या अवयवांतही काही पेशींत पी-५३ आधीच बिघडलेले असते. केंब्रिजजवळच्या सँगर संस्थेत उंदरांच्या अन्ननलिकेवर काम झाले आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. ५० मिलिग्रे, म्हणजे काही सीटी स्कॅनएवढा डोस दिल्यावर निरोगी पेशी विभाजन सोडून बाजूला होऊ लागल्या आणि पी-५३ बिघडलेल्या पेशींनी ती जागा बळकावली. म्हणजे किरण नवे बिघाड करतात एवढेच नाही, जुन्या बिघाडाला मोकळे रानही देऊ शकतात. त्या प्रयोगात अँटिऑक्सिडंट दिल्यावर हा परिणाम उलटला. हे वाचून कोणी स्कॅनआधी दुकानातून गोळ्या आणून घेऊ नयेत. प्रयोग उंदरांवरचा आहे. रेडिएशन उपचार चालू असलेल्यांनी तर अशा गोळ्या डॉक्टरांना न विचारता मुळीच घेऊ नयेत.

माणसांच्या मोठ्या गटांकडे पाहिले तर चित्र एकरंगी नाही. केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूमुळे नैसर्गिक किरणोत्सर्ग कित्येक पट जास्त आहे. तिथल्या सुमारे ७० हजार लोकांचा सरासरी दहा वर्षे पाठपुरावा झाला. २००९ च्या अहवालात कॅन्सर जास्त आढळला नाही. याउलट फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या ३ लाखांहून अधिक अणुकर्मचाऱ्यांच्या अभ्यासात (बीएमजे, २०२३) वर्षानुवर्षे थोडा थोडा डोस मिळूनही, डोस वाढला तसा कॅन्सरचा धोका किंचित वाढलेला दिसला. दोन्ही अभ्यास प्रामाणिक आहेत. परिणाम इतका लहान आहे की तो शोधायला लाखो माणसे लागतात, एवढे दोन्हींतून कळते.

मुलांच्या बाबतीत मात्र मी जास्त सावध असतो. त्यांच्या पेशी भराभर वाढतात आणि पुढे आयुष्यही मोठे असते. युरोपातल्या नऊ देशांत, २२ वर्षांच्या आत सीटी झालेल्या सुमारे साडेनऊ लाख जणांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. आजच्या डोसने दहा हजार मुलांचा सीटी केला तर पुढील बारा वर्षांत त्यामुळे एक-दोन मुलांना रक्ताचा कॅन्सर होऊ शकेल, असे त्यातून निघते. डोक्याला जोरात मार लागून मूल बेशुद्ध झाले असेल, तर हा धोका घ्यायलाच हवा. पडून रडले आणि पाच मिनिटांत खेळायला लागले, तर बहुधा नको.

"रिपोर्टमध्ये पी-५३ लिहिलंय"

पी-५३ हा शब्द तुमच्यापैकी अनेकांनी पहिल्यांदा पाहिला असेल तो बायोप्सीच्या कागदावर. तिथे 'म्युटंट पॅटर्न' किंवा 'ओव्हरएक्स्प्रेशन' असे काहीतरी लिहिलेले असते. नातेवाईक विचारतात, "चांगलं प्रथिन जास्त आहे, मग चांगलंच ना?" दुर्दैवाने नाही. मघाची टाकी आठवा. बिघडलेले पी-५३ नष्ट होत नाही, पेशीत साचते, म्हणून तपासणीत गडद रंग येतो. माणसाच्या जवळपास निम्म्या कॅन्सरमध्ये या जनुकात बिघाड असतो.

यावरून दोन गैरसमज होतात. पहिला, "मग हे मुलांनाही येणार." बहुतेक वेळा नाही. हा बिघाड त्या गाठीतच आयुष्यात कधीतरी झालेला असतो, तो वारशाने जात नाही. फार थोड्या कुटुंबांत जनुकाची बिघडलेली प्रत जन्मतःच येते, त्याला ली-फ्राउमेनी सिंड्रोम म्हणतात. घरात लहानपणी कॅन्सर, अगदी तरुण वयात स्तनाचा कॅन्सर, हाडाचा किंवा स्नायूंचा सार्कोमा, मेंदूची किंवा अ‍ॅड्रिनल ग्रंथीची गाठ, असे एकाहून अधिक जणांना झाले असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या केंद्रांत जनुकीय सल्ला आणि तपासणी होते. अशा व्यक्तींत पहारेकरीच दुबळा असतो. म्हणून त्यांची नियमित तपासणी शक्यतो एमआरआय आणि सोनोग्राफीने करतात. स्तनाच्या कॅन्सरमध्येही केवळ गाठ काढून रेडिएशन देण्यापेक्षा पूर्ण स्तन काढण्याचा विचार आधी होतो. एमआरआय आणि सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात, हे अनेकांना माहीत नसते.

दुसरा गैरसमज, "पी-५३ बिघडलंय, मग रेडिएशन लागू पडणार नाही." असे सरसकट नाही. उपचारात अनेकदा रोज सुमारे २ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, असे कित्येक आठवडे देतात. एका दिवसाच्या त्या डोसने प्रत्येक पेशीत ७०-८० दुहेरी तुटी होतात. निरोगी पेशी थांबते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत बरीचशी दुरुस्ती उरकते. पहारेकरी गमावलेली कॅन्सरची पेशी अनेकदा थांबत नाही, तुटक्या गुणसूत्रांनिशी विभाजनाला जाते आणि तिथे मरते. डोस तुकड्यांत देण्यामागे हा विचार आहे. काही कॅन्सर पी-५३ मुळे चिवट होतात हे खरे, पण ते रिपोर्टमधल्या एका ओळीवरून ठरत नाही. म्हणून "आजची पाळी चुकली, दोन दिवसांनी जाऊ" असे परस्पर करू नका. मधल्या दिवसांत गाठीच्या पेशीही सावरतात. तोंड येणे, जुलाब, रक्तपेशी कमी होणे हे त्रास होतात, कारण तिथल्या निरोगी पेशी भराभर विभागतात आणि त्यांचा पहारा कडक असतो.

चिठ्ठी हातात आल्यावर

मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया म्हणाले होते की एक सीटी म्हणजे छातीचे ३००-४०० एक्स-रे. रेडिऑलॉजिस्टांच्या संघटनेने लगेच आक्षेप घेतला की आधुनिक मशीनवर डोस त्याहून खूप कमी असतो. आकड्यावर वाद होऊ शकतो, पण सौम्य आजारात एचआरसीटी करू नका, हा त्यांचा मुद्दा बरोबर होता. त्या दिवसांत स्कोअर विचारणे ही घराघरातली सवय झाली होती आणि मीही काही चिठ्ठ्या केवळ नातेवाईकांच्या आग्रहाखातर लिहिल्या. आज लिहिणार नाही.

म्हणून चिठ्ठी मिळाली की निःसंकोच विचारा: "या स्कॅनने उपचार बदलणार आहे का? सोनोग्राफी किंवा एमआरआयवर भागेल का?" चांगल्या डॉक्टरला याचा राग येत नाही. जुने स्कॅन, फिल्म आणि सीडी जपून ठेवा. मुतखड्याच्या रुग्णांचे सीटी जुना रिपोर्ट हरवला म्हणून पुन्हा झालेले मी कितीतरी पाहिले आहेत. लहान मुलाचा स्कॅन असेल तर मुलांसाठीचा कमी डोस लावणार का, हे सेंटरवर विचारा. सीटी मशीनला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, तो आहे का हेही विचारायला हरकत नाही. गरोदर असाल किंवा शंका असेल, तर आधी सांगा. आणि काही त्रास नसताना 'फुल बॉडी' पॅकेजमध्ये सीटी किंवा पेट-सीटी असेल तर तो माझ्या मते नको.

काकूंचा मुलगा तिसऱ्या दिवशी रात्री पुन्हा आला तेव्हा अपेंडिक्स फुटून पोटात पू झाला होता. ऑपरेशन झाले, अकरा दिवस तो हॉस्पिटलात होता. आता बरा आहे, कॉलेजला जातो. पू किती पसरला ते पाहायला ऑपरेशनआधी त्याचा एक सीटी करावा लागला आणि ताप उतरेना म्हणून आठवड्याने दुसरा.